टीममध्ये माणसं वाढवली तरी काम त्या प्रमाणात का वाढत नाही?

कारण एकमेकांशी मेळ घालण्यात ताकद खर्च होते आणि आपला वाटा वेगळा दिसणार नाही म्हटल्यावर माणूस नकळत हात आखडता घेतो. फ्रेंच कृषी अभियंता माक्स रिंगेलमान यांनी दोर ओढण्याच्या प्रयोगांत ही घट मोजली. ते निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९७४ मध्ये अॅलन इंगहॅम व सहकाऱ्यांनी लोकांचे डोळे बांधून, मागे आणखी माणसं ओढताहेत असं भासवलं. प्रत्यक्षात एकटाच ओढत होता, मेळाचा प्रश्नच नव्हता, तरी जोर कमी पडला! म्हणून लगेच कुणाला कामचुकार ठरवू नका, आधी कामं नावानिशी वाटून द्या. मात्र काम मनापासून महत्त्वाचं वाटणाऱ्या, घट्ट बांधलेल्या टीममध्ये ही घट बरीच कमी दिसते.