केसांच्या आतला कुत्रा

प्राण्यांच्या आरोग्यविषयक सदरासाठी आलेल्या पत्रांत या वेळी पॉमेरेनियन पाळणाऱ्यांचा भरणा इतका आहे की, संपूर्ण सदर त्यांनाच द्यावे लागत आहे. प्रश्न वेगवेगळे असले, तरी बहुतेकांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते. उण्यापुऱ्या १.४ ते ३.२ किलो वजनाच्या या कुत्र्याचा केशसंभार इतका दाट असतो की, आपण त्या केसांनाच कुत्रा समजू लागतो. आतला जीव वाळला आहे की सुटला आहे, त्याची त्वचा निरोगी आहे की नाही, हे डोळ्यांना कळेनासे होते. म्हणून पुढील उत्तरांत पाहण्यापेक्षा चाचपण्यावर अधिक भर दिलेला आढळेल.

प्रश्न : आमची पॉमेरेनियन कुत्री तीन वर्षांची आहे. उकाडा सुरू झाला की ती दिवसभर धापा टाकते. तिचे केस मशिनने अगदी बारीक करून घ्यावेत, असे घरातील सर्वांचे मत आहे; माझा मात्र धीर होत नाही. काय करावे?

उत्तर : तुमचा धीर होत नाही, हे तुमच्या कुत्रीचे भाग्यच म्हणायचे. पॉमेरेनियनच्या अंगावर केसांचे दोन थर असतात : आत मऊ, दाट, लोकरीसारखी लव आणि तिच्यातून वर आलेले लांब, राठ, सरळ केस. या थरांत अडकलेली हवा थंडीत अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, तशीच ती उन्हाची झळ त्वचेपर्यंत सहजासहजी पोहोचू देत नाही. शिवाय कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांत असतात आणि उष्णता बाहेर टाकण्याचे खरे काम जीभ काढून धापा टाकण्यानेच होते. त्यामुळे केस उतरवले की अंगाला वारा लागून तिला गार वाटेल, हा आपण स्वतःवरून बांधलेला अंदाज आहे.

नुकसान मात्र खरे असते. मुळापर्यंत उतरवलेले केस परत येण्यास कित्येक महिने लागतात, काही कुत्र्यांत वर्ष उलटते. आणि येतात तेव्हाही आतली लव पुढे आणि राठ केस मागे राहिल्याने अंगावर ठिगळे लावल्यासारखे दिसते. काहींचे केस पूर्वीसारखे कधीच होत नाहीत. (मशिन फिरवून आणलेल्या पॉमेरेनियनचे कौतुक आठवडाभर चालते, पुढचे वर्षभर तेच मालक केस का येत नाहीत, हे विचारायला दवाखान्यात येत राहतात.)

त्याऐवजी गळून आत अडकलेली लव फणीने काढून टाकावी, म्हणजे केसांतून हवा खेळू लागते. पोटाखालचे, पंजांच्या गाद्यांमधले आणि गुदद्वाराभोवतीचे केस कात्रीने आखूड करण्यास हरकत नाही. फिरणे पहाटे किंवा सूर्यास्तानंतर असावे आणि निघण्यापूर्वी आपला तळहात जमिनीवर काही सेकंद टेकवून पाहावा. आपल्याला चटका बसत असेल, तर तिच्या पंजांनाही बसणारच. कुत्र्याचे नेहमीचे तापमान सुमारे ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४० च्या पुढे गेले, धाप थांबेनाशी झाली, हिरड्या गडद लाल दिसू लागल्या किंवा तोल जाऊ लागला, तर अंगावर साधे गार पाणी ओतत, पंख्याचा वारा देत ताबडतोब दवाखाना गाठावा.

प्रश्न : मी रोज न चुकता ब्रश फिरवते. केस वरून रेशमासारखे दिसतात, तरीही कानांमागे आणि काखेत घट्ट जटा सापडतात. माझे कुठे चुकते?

उत्तर : ब्रश रोज फिरतो, पण वरवर फिरतो. वरचे राठ केस झटकन सुटे होतात आणि खालची लव तशीच गुंतून राहते. कुत्र्याला एका कुशीवर निजवून डाव्या हाताने केस वर धरावेत, त्वचेची बारीक रेघ दिसेल असा भांग पाडावा आणि त्या रेघेपासून टोकापर्यंत थोडे थोडे केस खाली सोडत विंचरावेत. मग बोटभर वर सरकून दुसरा भांग. असे सर्व अंग झाले की शेवटी धातूची फणी मुळापासून घालून पाहावी. ती कोठेही न अडकता बाहेर आली, तरच काम झाले असे समजावे. कोरड्या केसांवर ब्रश ओढल्याने ते तुटतात, म्हणून आधी पाण्याचा हलका फवारा मारावा. रोज पाच मिनिटे वरवर फिरवण्यापेक्षा आठवड्यातून दोन-तीन वेळा अर्धा तास बसून असे विंचरणे कितीतरी उपयोगाचे आहे.

जटा बहुधा घासणाऱ्या जागी होतात : कानांमागे, काखेत, जांघेत, मांड्यांमागच्या झुपक्यात आणि हार्नेसच्या पट्ट्याखाली. जट बोटांनी टोकाकडून मुळाकडे थोडी थोडी सोडवावी. ती कात्रीने कापण्याचा मोह टाळावा, कारण जट त्वचेला ओढून धरते आणि कात्रीच्या पात्यात केसांबरोबर कातडीही येते. अशा जखमा मी वरचेवर शिवल्या आहेत. अंघोळीबाबत एवढेच लक्षात ठेवावे की गुंता आधी सोडवायचा आणि मग पाणी घालायचे, कारण भिजलेली जट वाळताना आवळत जाते. तीन-चार आठवड्यांतून एकदा अंघोळ पुरते. शाम्पू कुत्र्यांसाठीचाच असावा, कारण त्यांच्या त्वचेची आम्लता आपल्याहून कमी असते. नंतर केस मुळापर्यंत वाळवावेत. वरून कोरडे झालेले केस आत तासन्‌तास ओले राहतात आणि तेथेच त्वचा दुखावते.

प्रश्न : पिल्लू आणले तेव्हा कापसाच्या गोळ्यासारखे होते. आता पाच महिन्यांचे झाले आहे आणि तोंडावरचे केस गळून ते अगदी बावळट दिसू लागले आहे. काही आजार असेल का?

उत्तर : खाज, खपल्या किंवा लाली नसेल, तर नाही. साधारण चार ते सहा महिन्यांच्या सुमारास पिल्लाची लव गळू लागते आणि मोठेपणीचे केस हळूहळू येतात. हा भरघोस झगा पुरता अंगावर यायला वर्ष-दीड वर्ष लागू शकते. तोवर फोटो काढायचे थांबवू नका. पुढे तेच फोटो सर्वांत आवडीचे ठरतात.

प्रश्न : फिरायला निघताना आनंदाच्या भरात आमचा सहा वर्षांचा कुत्रा बदक ओरडावे तसा कोरडा खोकतो. घशात काही अडकले असावे, असे वाटून आम्ही तोंड उघडून पाहिले, पण काही दिसले नाही.

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून श्वासनलिका दबण्याच्या विकाराची शंका येते. श्वासनलिका उघडी ठेवण्यासाठी तिच्याभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराची कूर्चेची कडी असतात. पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातींत ही कडी कालांतराने मऊ पडतात, नळी चपटी होते आणि हवा जोरात आत-बाहेर होताना तो विशिष्ट आवाज येतो. उत्साह, गळ्यातील पट्ट्याला बसलेला हिसका, वाढलेले वजन, धूर आणि उग्र अत्तरे यांनी तो बळावतो. गळ्यातला पट्टा आजच काढा आणि छातीवर बसणारा हार्नेस घ्या; नावाची पट्टी लावायची असल्यास सैल पट्टा चालेल, पण दोरी त्याला अडकवू नये. वजन अधिक असल्यास ते उतरवणे हे यावरचे मोठे औषध आहे.

तरीही तपासणी टाळू नये, कारण वय झालेल्या छोट्या कुत्र्यांत हृदयाच्या झडपांच्या विकारामुळेही खोकला येतो आणि दोन्ही एकाच कुत्र्यात असू शकतात. मान पुढे ताणून, नाकाने घोरल्यासारखी हवा आत ओढण्याचा अर्ध्या-एक मिनिटाचा झटका मात्र वेगळा. ती उलटी शिंक असते आणि अधूनमधून आली तर चिंतेचे कारण नसते. दोहोंतला फरक शब्दांत सांगणे अवघड असल्याने मोबाइलवर चित्रफीत काढून डॉक्टरांना दाखवावी. जीभ किंवा हिरड्या निळसर दिसल्या, तर चित्रफितीसाठी थांबू नये.

प्रश्न : आमची कुत्री जेवणाला तोंड लावत नाही, केवळ बिस्किटे खाते, तरीही गोलमटोल दिसते. हाताने भरवावे का?

उत्तर : ती गोलमटोल आहे की तिचे केस, हे आधी ठरवू. बोटांची टोके केसांत घालून तिच्या बरगड्यांवरून हलकेच फिरवा. आपल्या हाताचा पंजा पसरून त्याच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवताना हाडे जशी लागतात, तशा बरगड्या लागल्या तर वजन योग्य आहे. मूठ वळल्यावर वर येणाऱ्या हाडांसारख्या टोचल्या तर ती रोड आहे, आणि तळहाताच्या मांसल भागासारखे काहीच हाती लागले नाही तर ती लठ्ठ आहे. ही परीक्षा महिन्यातून एकदा करावी आणि जोडीला वजनही करावे, कारण तीन किलोंच्या प्राण्यात ३०० ग्रॅमची वाढ म्हणजे दहा टक्के वाढ होय.

नसबंदी झालेल्या तीन किलोंच्या प्रौढ कुत्रीला दिवसाला साधारण २२० ते २५० किलोकॅलरी पुरतात. त्यांतील ४०-५० किलोकॅलरी देणारे एखादे मोठे बिस्किट म्हणजे तिच्या दिवसाच्या खाण्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा झाला. अशी तीन-चार खाल्ल्यावर जेवणाला तोंड न लावणे हा नखरा नसून पोट भरल्याचा हिशेब आहे. वरखाणे एकूण आहाराच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ देऊ नये. ताटली वीस मिनिटे समोर ठेवावी, न खाल्ल्यास मुकाट्याने उचलावी आणि पुढच्या वेळेपर्यंत काही देऊ नये. भरवण्याची सवय लावलीत, तर ती चमच्याची वाट पाहायला शिकेल. मात्र एरवी मनापासून खाणाऱ्या कुत्रीने अचानक अन्न सोडले, तर तो आजार समजावा.

हा ताटली उचलण्याचा उपाय पिल्लांवर कदापि करू नये. चार महिन्यांखालील पिल्लाच्या एवढ्याशा देहात साखरेचा साठा नगण्य असतो. काही तास उपास घडला तरी ते सुस्त पडते, झोकांड्या खाते, थरथरते आणि बेशुद्धही होऊ शकते. त्याला दिवसातून चार वेळा खायला घालावे. अशी लक्षणे दिसलीच, तर हिरड्यांवर मध किंवा साखरेचा पाक चोळून लगेच दवाखान्यात न्यावे. चॉकलेट, द्राक्षे, मनुका, कांदा, लसूण आणि झायलिटॉल हा साखरेऐवजीचा गोड पदार्थ घातलेली साखरविरहित मिठाई या वस्तू सर्वच कुत्र्यांना घातक आहेत. देह लहान असल्याने येथे विषारी मात्राही लहान असते.

प्रश्न : पळताना आमचा कुत्रा मधेच मागचा एक पाय उचलून दोन-चार उड्या मारतो आणि पुन्हा नीट धावू लागतो. त्याला दुखत असल्याचे दिसत नाही.

उत्तर : गुडघ्याची वाटी खाचेतून क्षणभर सरकत असावी. छोट्या जातींत हा दोष पुष्कळदा आढळतो आणि त्याच्या चार पायऱ्या मानल्या जातात. पहिल्या पायरीत वजन आटोक्यात ठेवून भागते; वरच्या पायऱ्यांत शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. घरात गुळगुळीत फरशीवर न घसरणारी सतरंजी अंथरावी आणि सोफ्याला उतरण्यासाठी पायरी ठेवावी. दुखापत टाळण्यासाठी लहान मुलांनीही त्याला उभ्याने उचलू नये. जमिनीवर बसून मांडीवर घ्यावे. कडेवरून सुटलेल्या छोट्या कुत्र्याचा पुढचा पाय मोडायला फार मोठी उंची लागत नाही.

प्रश्न : आमच्या चार वर्षांच्या नर कुत्र्याचे मांड्यांचे आणि पाठीचे केस दोन्ही बाजूंनी सारखेच जात आहेत, त्वचा काळी पडली आहे, खाज मात्र नाही. डोके आणि पाय पूर्वीसारखेच आहेत.

उत्तर : खाज नसणे, दोन्ही बाजू सारख्या असणे आणि डोके व पाय शाबूत राहणे ही लक्षणे पॉमेरेनियनमध्ये आढळणाऱ्या ‘अलोपेशिया एक्स’ या विकाराशी जुळतात. पण हे निदान बाकीची कारणे बाद झाल्यावरच करायचे असते. थायरॉइडची कमतरता आणि मूत्रपिंडांजवळच्या अधिवृक्क ग्रंथींचा अतिरेकी स्राव यांतही केस असेच जातात, म्हणून रक्ततपासण्या आधी कराव्यात. हा विकारच ठरला, तर धीर धरा. कुत्र्याला त्याचा त्रास होत नाही. उघड्या त्वचेला ऊन आणि थंडी बाधू न देणे एवढेच पाहायचे असते. नसबंदी न झालेल्या काही नरांत नसबंदीनंतर केस परत येतात, कधी टिकतात, कधी पुन्हा जातात. केवळ दिसण्यासाठी कडक हार्मोन औषधे देण्याच्या बाजूचा मी नाही.

प्रश्न : दारावर पाऊल वाजले की आमचा कुत्रा अर्धा तास भुंकतो. एवढ्याशा कुत्र्याला एवढे भुंकणे का सुचते?

उत्तर : कारण त्याचे पूर्वज एवढेसे नव्हते. बाल्टिक समुद्राकाठच्या पॉमेरेनिया प्रांतावरून नाव पडलेला हा कुत्रा उत्तरेकडील स्पिट्झ कुळातला आहे आणि पूर्वी तो आजच्यापेक्षा बराच मोठा असे. राणी व्हिक्टोरियाने १८८८ साली फ्लॉरेन्समध्ये असताना काही पॉमेरेनियन घेतले. तिच्या आवडीमुळे छोट्या कुत्र्यांना मागणी वाढली आणि जात आकाराने आटत गेली. राखणदारी मात्र आटली नाही. चाहूल लागताच दोन-तीनदा भुंकू द्यावे, ‘बस’ म्हणावे आणि तो गप्प होताच त्या क्षणी खाऊचा कण द्यावा. आपण वरून ओरडलो, तर घरचेही आपल्याबरोबर भुंकत आहेत असाच त्याचा समज होतो. शांत करण्यासाठी कडेवर घेणेही चुकीचे, कारण त्याला भुंकण्याचे बक्षीस मिळते. ज्या वागण्याबद्दल वीस किलोंच्या कुत्र्याला आपण शिस्त लावली असती, तेच वागणे तीन किलोंचा कुत्रा करतो तेव्हा हसून सोडून देतो, हा दोष कुत्र्याचा नव्हे.

प्रश्न : आठ महिन्यांच्या पिल्लाला दोन्ही बाजूंना दोन-दोन सुळे दिसतात. दुधाचे दात आपोआप पडतील का?

उत्तर : आता नाही. कुत्र्याचे २८ दुधाचे दात साधारण सहा-सात महिन्यांपर्यंत पडून ४२ कायमचे दात येतात. छोट्या जबड्यात दुधाचा सुळा पुष्कळदा तसाच राहतो, नव्या सुळ्याला वाकडा ढकलतो आणि दोहोंच्या फटीत अन्न साचून हिरडी सडते. तो काढून घ्यावा. त्यानंतर कुत्र्यांसाठीच्या पेस्टने, शक्य तर रोज, दात घासण्याची सवय लावावी. माणसांची पेस्ट वापरू नये, कारण ती तो गिळणारच. सुळे काढताना भूल द्यावी लागते, तेव्हा नसबंदीही करायची असेल, तर दोन्ही कामे एकाच भुलीत करता येतील का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.