घराच्या खिडक्या बदलताना खर्च कसा धरावा?

प्रश्न : आमचे घर दारव्हा तालुक्यातील एका गावात असून वडिलांनी ते साधारण पस्तीस वर्षांपूर्वी बांधले. एकूण सात खिडक्या आहेत. चौकटी व पल्ले सागवानी आणि मध्ये लोखंडी गज. दोन चौकटींना खालून वाळवी लागली आहे, बाकीच्यांचे पल्ले पावसाळ्यात फुगून अडकतात. अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांसाठी तालुक्याच्या दुकानदाराने चौरस फुटाला 400 रुपये दर सांगितला आणि यवतमाळच्या दुकानदाराने 360 रुपये. यांपैकी स्वस्त कोणता? या कामासाठी सरकारी अनुदान मिळते काय?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : केवळ दरावरून हे ठरवता येणार नाही, कारण दोघे माप कसे धरतात, हे आपण विचारलेले दिसत नाही. काही दुकानदार प्रत्यक्ष माप घेतात, तर काही ते पुढच्या तीन किंवा सहा इंचांपर्यंत वाढवून धरतात. समजा, आपली एक खिडकी साडेपंचेचाळीस इंच रुंद आणि चाळीस इंच उंच आहे. प्रत्यक्ष मापाने ती 12.64 चौरस फूट भरते आणि 400 रुपये दराने तिचे सुमारे 5,056 रुपये होतात. तेच माप 48 बाय 42 इंच धरले, तर ते 14 चौरस फूट होऊन 360 रुपये दरानेही 5,040 रुपये होतात. चौरस फुटामागे चाळीस रुपयांचा वाटणारा फरक अख्ख्या खिडकीमागे सोळा रुपयांवर आला. त्यात यवतमाळहून माल आणण्याचे भाडे आपल्याकडे असेल, तर तोही उरला नाही. शिवाय दरात 18 टक्के जीएसटी धरला आहे की तो बिलावर वेगळा लागणार, हे आधीच स्पष्ट करून घ्यावे.

दरामागे मालही पाहावा लागतो. सेक्शनची (चौकटीच्या अ‍ॅल्युमिनियम पट्टीची) जाडी, काच चार मिलिमीटरची की पाचची, डासांची जाळी असलेला तिसरा ट्रॅक (पल्ला सरकण्याची खाच) धरला आहे की नाही, या गोष्टी दरपत्रकात लिहून घ्याव्यात. पाच मिलिमीटरच्या काचेचे वजन चौरस मीटरला साडेबारा किलो असते, त्यामुळे सरकत्या पल्ल्याखालची हलक्या प्रतीची चाके लवकर झिजतात. लोखंडी ग्रिल बहुधा वेगळे धरलेले असते. आपल्याकडे वानरांचा उपद्रव पाहता ते टाळता येणार नाही; त्याचा दर किलोवर असेल, तर वजन आपल्या समोर करून घ्यावे.

जुनी चौकट भिंतीतून काढणे, होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) उपसताना पडलेला गिलावा पुन्हा करणे, खाली कडप्प्याची किंवा ग्रॅनाइटची पट्टी बसवणे आणि शेवटी रंग देणे, हा मिस्त्रीचा खर्च खिडकीच्या दरात नसतो, आणि गावाकडच्या कामात अंदाजपत्रक कोलमडते ते बहुधा इथेच. त्यातून आपली जमीन काळी, कपाशीची असेल, तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया हलून भिंतीतली जागा काटकोनात राहत नाही. म्हणून रुंदी व उंची प्रत्येकी तीन ठिकाणी मोजावी आणि दोन्ही कर्णही मोजावेत. कर्णांत फरक निघाला, तर आधी जागा सरळ करून घ्यावी, कारण वाकड्या जागेत ओढून बसवलेली सरकती खिडकी पल्ल्यांपेक्षाही जास्त अडकते.

आता आमचे स्पष्ट मत सांगतो. सातही खिडक्या बदलू नयेत. वाळवी लागलेल्या दोन चौकटी काढाव्यात आणि तिथे नवी खिडकी बसवण्यापूर्वी भिंतीला वाळवीचे औषध द्यावे. बाकीच्या पाच ठिकाणी पल्ले फुगत असले, तरी चांगल्या सुताराकडून ते पावसाळ्यानंतर वाळल्यावर रंधून घ्यावेत, बिजागऱ्या बदलाव्यात आणि कडांसह सर्व बाजूंनी तेलरंग द्यावा. रंधलेली कड उघडी राहिली, तर पुढच्या पावसाळ्यात तीच पाणी पिते. आलापल्ली-बल्लारशाच्या सागवानाची कीर्ती सांगायला नको; तसले लाकूड आज नव्याने घ्यायचे म्हटले, तर अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कितीतरी महाग पडेल. जे काढावे लागेल, तेही ‘भंगारात’ म्हणून कंत्राटदाराच्या गाडीत जाऊ देऊ नये. त्याची किंमत बिलातून वजा करून घ्यावी किंवा चांगला भाग दुरुस्तीला वापरावा.

कूलरचा विचारही आत्ताच करावा. दोन ट्रॅकची सरकती खिडकी एका वेळी निम्मीच उघडते, आणि कूलरने आत घेतलेल्या हवेला बाहेर पडायला समोर वाट नसेल, तर खोली नुसती दमट होते. कूलर लागतो ती खिडकी आणि तिच्या समोरची खिडकी उघडणाऱ्या पल्ल्यांचीच ठेवावी.

अनुदानाबद्दल : प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशासाठी 1 लाख 20 हजार रुपयांचे साहाय्य आहे, परंतु ते बेघर व कच्च्या घरात राहणाऱ्या पात्र कुटुंबांना पक्के घर बांधण्यासाठी आहे. पक्क्या घराच्या खिडक्या बदलण्यासाठी ते मिळत नाही.

प्रश्न : यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) खिडक्या आमच्याकडच्या उन्हात टिकतील काय? त्यांनी घर थंड राहते, असे विक्रेता सांगतो.
— एक वाचक, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : चांगल्या प्रतीच्या टिकतात. त्यात उन्हाला तोंड देणारे घटक मिसळलेले असतात आणि आत गंजरोधक पोलादी पट्टी असते. ती पट्टी आहे की नाही आणि किती जाडीची आहे, हे लिहून घ्यावे. रंग पांढरा निवडावा, कारण गडद रंग जास्त तापतो. यूपीव्हीसीची चौकट अ‍ॅल्युमिनियमपेक्षा खूपच कमी उष्णता आत आणते, हे खरे. मात्र खिडकीत क्षेत्र असते ते मुख्यतः काचेचे, आणि ऊन तिथूनच येते. पारा 46 अंशांवर गेल्यावर पश्चिमेच्या साध्या काचेपुढे चौकटीचा काही उपाय चालत नाही. त्या बाजूला रुंद छज्जा काढावा किंवा उन्हाळ्यापुरती बाहेरून बांबूची ताटी लावावी. आतला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर अडवतो, ताटी त्याआधीच अडवते. ताटीचा खर्च यूपीव्हीसीच्या वाढीव दरापुढे किरकोळ आहे, तेव्हा एक उन्हाळा ती लावून पाहावी आणि मगच खिडकीचे ठरवावे.