सी प्रोग्राममध्ये रँड() दर वेळी तोच नंबर का देतं?

तुमची अडचण थोडक्यात अशी: लातूरला वीस जणांची भिशी आहे, महिन्याचा नंबर काढायला सीमध्ये प्रोग्राम लिहिलाय. रँड() हे कोणताही एक नंबर काढून देणारं फंक्शन दर वेळी तोच नंबर देतं, आणि त्याची सुरुवात ठरवणारं एसरँड() लूपमध्ये टाकलं की सगळेच नंबर एकसारखे येतात.

मी परभणीत डिप्लोमाच्या पोरांना सी शिकवतो. प्रत्येक बॅचमध्ये कुणी ना कुणी म्हणतंच, "सर, हे तर दर टायमाला तोच नंबर देऊलालंय." कारण रँड() आतून निव्वळ गणित करतं. वहीवर करून बघा. १ घ्या, ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागून बाकी ठेवा: ८ आला. ८ वर तेच केलं की ११, मग १०, ५, १२, १५... सोळा आकडे झाले की पुन्हा १. सुरुवात तीच असेल तर पुढची ओळही तीच. या सुरुवातीच्या आकड्याला सीड म्हणतात. एसरँड() वापरलंच नाही तर सी भाषेच्या नियमावलीनुसार, म्हणजे स्टँडर्डनुसार, सीड १ धरला जातो, म्हणून तुमचा पहिला नंबर हलत नाही.

लूपचं उत्तरही यातच आहे. टाइम(नल) सेकंदाच्या हिशेबात वेळ देतं. एका सेकंदात लूपच्या हजारो फेऱ्या होतात, प्रत्येक फेरीत सीड तोच, म्हणून पहिला आकडाही तोच. एसरँड(टाइम(नल)) ही ओळ मेनच्या सुरुवातीला एकदाच लिहा.

आता वरची ओळ पुन्हा बघा: ८, ११, १०, ५, १२, १५. सम, विषम, सम, विषम. या पद्धतीत आकड्याचे खालचे बिट (बायनरीतले उजवीकडचे अंक) असे कच्चे राहतात. स्टँडर्डमध्ये रँड()चा जो नमुना दिलाय तो ११०३५१५२४५ ने गुणून १२३४५ मिळवतो, पण उत्तर देताना आधी ६५५३६ ने भागतो, म्हणजे खालचे १६ बिट टाकून देतो. मला हा भाग फार आवडतो.

रँड()च्या आकड्याला २० ने भागून बाकी घेणं तुमच्यापुरतं ठीक आहे. रँड_मॅक्स, म्हणजे रँड() देऊ शकतं तो सर्वांत मोठा आकडा, किमान ३२७६७ असतो; तेवढाच असला तरी वीस नंबरांत फरक नगण्य पडतो. पण २०००० कूपनांतून एक काढायचं असेल तर ० ते १२७६७ या कूपनांना दुप्पट संधी मिळते, बाकीच्यांवर सरळ अन्याय. अशा वेळी २०००० किंवा त्यावरचा आकडा आला तर तो टाकून पुन्हा रँड() बोलवा.

माझी खरी काळजी वेगळी आहे. भिशीत लोकांचे पैसे असतात. सीड घड्याळावरून येत असेल तर प्रोग्राम चालवणारा माणूस आदल्या रात्री घरी बसून कोणत्या सेकंदाला कुणाचा नंबर लागतो ते काढून ठेवू शकतो. वीसच जण, त्यामुळे दोन-तीन मिनिटांच्या अवधीत त्याला हवा तो सेकंद जवळजवळ हमखास सापडतो. पैशाच्या कामाला रँड() वापरूच नका. लिनक्सवर गेटरँडम(), विंडोजवर रँड_एस() आहे. हे आकडे ऑपरेटिंग सिस्टीम देते आणि त्यांचा अंदाज आधी बांधता येत नाही.

ज्याला भिशी लागली त्याला पुढच्या वेळी वगळायचं असतं. त्यासाठी "पुन्हा तोच आला का" असं तपासत बसू नका. वीस नावांचा ॲरे ठेवा, जागा निवडा, त्या जागी ॲरेतलं शेवटचं नाव आणा आणि मोजणी एकने कमी करा. उरलेली नावं आणि मोजणी फाईलमध्ये लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या महिन्यात प्रोग्राम पुन्हा वीसपासून सुरू होईल.

आणि कॉलेजच्या जुन्या जर्नलमधलं रँडमाइझ() उतरवू नका. ते टर्बो सी या जुन्या कंपायलरचं आहे, आजच्या जीसीसी कंपायलरवर चालणार नाही.