ट्रेन काय देव आहे?

प्रिय सई,

काल फोनवर तू विचारलंस, "आई, आजोबांनी लोकलच्या डब्याला हार घातला, नारळ फोडला. ट्रेन काय देव आहे?" मी कामावर निघाले होते, उत्तर राहूनच गेलं. पण तू ठाण्यात आहेस तोवर तुला ते कळायला हवं.

देव नाही गं. ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याची खंडेनवमीला पूजा करतात. सुतार करवतीला हळदकुंकू लावतो, आजी शिलाई मशीनला फूल वाहते. आजोबांनी बत्तीस वर्षं ठाणा लोकलने भायखळ्याला जाऊन नोकरी केली. माझी फी, तू राहते आहेस त्या घराचे हप्ते, सगळं त्या गाडीच्या जिवावर. दसऱ्याला ऑफिसं बंद, म्हणून त्यांचा ग्रुप आधीच तोरणं बांधतो, आरती करतो, मोटरमनला हार आणि पेढे देतो. आजोबा निवृत्त झाले, तरी त्या दिवशी पहाटे आंघोळ करून स्टेशनवर जातातच.

ठाण्याचं या गाडीशी नातंही पहिल्या दिवसापासूनचं. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली, ती ठाण्याला यायला. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी आणि ३४ किलोमीटरची वाट. ओढायला तीन इंजिनं: साहिब, सिंध, सुलतान. ही नावं आजोबांनी माझ्याकडून पाढ्यांसारखी पाठ करून घेतली होती. मुंबईत रेल्वे यावी म्हणून झटणाऱ्यांत आपले नाना शंकरशेट होते, हे मात्र ते दरवेळी जरा आवाज चढवून सांगायचे. वर्षभर रूळ ठाण्यातच संपत होते. मग खाडीवर पूल झाला आणि मे १८५४ मध्ये गाडी कल्याणला पोचली. मुंबईत विजेची गाडी १९२५ साली धावली, पण आजी अजून 'आगगाडी'च म्हणते, ते त्या कोळशाच्या इंजिनांमुळे.

आजही काही गाड्या ठाण्याहूनच सुटतात, म्हणून ठाणेकराला बसायला जागा मिळायची आशा असते. संध्याकाळी परतताना मात्र उभंच. तू पोटात होतीस तेव्हा मी त्याच गाडीच्या लेडीज डब्यातून यायचे. सातव्या महिन्यापासून भांडुपला उतरणाऱ्या एक मावशी मला बघितलं की दादरलाच उठायच्या आणि भांडुपपर्यंत उभ्या राहायच्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही, त्याची आता फार रुखरुख वाटते. दसऱ्याच्या त्या पूजेत मी त्यांच्या कपाळाला हळदकुंकू लावलं होतं, आणि त्यांनी माझ्या ओटीत नारळ घातला होता.

आजोबांनी माझ्या वाटणीचा पेढा स्टीलच्या छोट्या डबीत ठेवला असेल. येताना तेवढा आठवणीने घेऊन ये.

तुझी,
आई