आवडती 10 पुस्तकं निवडताना

यादी करायला बसलात आणि जीव कासावीस झाला, हे अगदी साहजिक आहे. सगळं कपाट समोर मांडून ‘सर्वात आवडतं कुठलं?’ असं मनाला विचारू नका. एका वेळी दोनच हातात घ्या. लुई थर्स्टन या मानसशास्त्रज्ञाने अशा जोडीजोडीच्या तुलनेतून पसंती मोजायचं गणित 1927 मध्ये मांडलं. 10 पुस्तकांच्या 45 जोड्या होतात, एका निवांत संध्याकाळचं काम.

कधी पहिलं दुसऱ्याहून आवडतं, दुसरं तिसऱ्याहून आणि तिसरं पुन्हा पहिल्याहून! तिथे अडून बसू नका. माणसाच्या पसंतीत असे फेरे पडतातच, तिन्ही ठेवा.

नुकतं वाचून संपवलेलं मात्र काही महिने बाजूला राहू द्या, त्याचा अंमल उतरायला हवा. आणि चारचौघांत बरं दिसावं म्हणून जाडजूड ग्रंथ घुसडू नका, कृपा करून. ज्याची बांधणी सैल झालीय, पानांचे कोपरे मऊ पडलेत, जे कुणाला उसनं देताना हात मागे येतो, ते पुस्तक आधी लिहा.

यादीखाली तारीख घाला. पुढच्या वर्षी नवी कराल तेव्हा जुनी फाडू नका, दोन्ही शेजारी ठेवून वाचा.