आमरीला बांडगूळ म्हणावं का?

सत्तरीतल्या एका वाचक भगिनींनी विचारलं आहे. त्यांच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेच्या, कडेला मानकुराद आंब्याचं जुनं झाड आहे आणि पावसाच्या तोंडावर त्याच्या फांद्यांवर सीतेची वेणी ही आमरी (ऑर्किड) फुलते. यंदा नारळ काढायला आलेल्या पाडेल्यानं वर बघून ‘हे बांडगूळ, काढून टाकतो’ म्हटलं. यांनी त्याला कसंबसं थांबवलं. तर आमरीला बांडगूळ म्हणणं बरोबर का, आणि नसेल तर मराठीत म्हणायचं काय?

बरोबर नाही. पण पाडेल्याला हसू नका, त्याच्या पाठीशी खुद्द अमरकोश उभा आहे. तिथे वन्दा, वृक्षादनी, वृक्षरुहा हे शब्द एकाच ओळीत, एकाच अर्थाचे म्हणून येतात. वृक्षादनी म्हणजे झाड खाणारी, वृक्षरुहा म्हणजे झाडावर उगवणारी. घरात राहणारा आणि घर खाणारा एकच, असं म्हणण्यासारखं झालं हे! पुढे युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी यातला ‘वन्दा’ उचलला आणि आमरींच्या एका अख्ख्या प्रजातीला ‘व्हँडा’ नाव दिलं. मूळ घोटाळा असा लॅटिन नावात जाऊन बसला.

फरक डोळ्यांनी दिसतो. आंब्यावरचं बांडगूळ जिथे फांदीला भिडतं तिथे गाठ येते, गुडघ्यासारखी सुजलेली. त्याची शोषकमुळं सालीतून आत, थेट लाकडात शिरलेली असतात आणि झाडानं जमिनीतून ओढलेलं पाणी व क्षार तिथल्या तिथे पळवतात. आता सीतेच्या वेणीचं मूळ बघा. करंगळीएवढं जाड, राखाडी, सालीला वरवर चिकटलेलं, अर्धं तर हवेतच लोंबत असतं. नखानं उचकटलं तर निघून येतं, खालची साल जशीच्या तशी. या मुळावर स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असताना पांढुरकं दिसणारं मूळ पावसाची सर आली की हिरवट होतं. पाणी ते त्या सरीतून घेतं आणि अन्न स्वतःच्या पानांत तयार करतं. झाडाकडून हवी फक्त उजेडातली जागा.

अशा वनस्पतीला शास्त्रीय मराठीत ‘अपिवनस्पती’ म्हणतात. ‘अपि’ आपल्याला यद्यपि, कदापि यांतून ‘सुद्धा’ या अर्थानं ठाऊक, म्हणून शब्द विचित्र वाटतो. पण ‘जवळ, वर’ हा अपिचा जुना वैदिक अर्थ आहे, आणि ग्रीक ‘एपि’ त्याचाच भाऊ. त्यामुळे ‘एपिफाइट’ला हा प्रतिशब्द नेमका बसतो. हिंदीवाले ‘अधिपादप’ म्हणतात. मला तो गमतीचा वाटतो, कारण पादप म्हणजे पायांनी पिणारा, आणि आमरीचे पाय तर जमिनीला लागतच नाहीत.

झाड आणि आमरी यांच्या नात्याला पुस्तकात ‘सहभोजिता’ हा शब्द सापडेल: एकाचा फायदा, दुसऱ्याचं ना नफा ना नुकसान. शब्द ऐकला की मला पंगत दिसते, आणि इथे तर कोणी कोणाबरोबर जेवत नाही. गोव्यात याहून चपखल शब्द आहे, मुंडकार. जमीन भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, चूल आपली. परिभाषाकोशवाले ऐकणार नाहीत, पण वर्गात शिकवणाऱ्यानं वापरून बघावा. मुलांना एका वाक्यात कळेल. (मिरवेल पोफळीवर चढते तिला मात्र यात ओढू नका. तिची मुळं जमिनीत असतात, ती नुसती आरोही.)

राहता राहिला लाक्षणिक अर्थ. काही न करता दुसऱ्याच्या जिवावर जगणारा तो बांडगूळ, असं आपण सर्रास लिहितो. वनस्पतिशास्त्र इथे आडवं येतं. बांडगुळाला चांगली जाड हिरवी पानं असतात आणि अन्न ते स्वतः शिजवतं, चोरतं ते पाणी आणि क्षार. म्हणजे अर्धपरजीवी. पूर्ण ऐतखाऊ हवा असेल तर अमरवेल आहे, पिवळ्या दोऱ्यांचं जाळं, पान म्हणून नाही. शिवाय बांडगुळाच्या नळीसारख्या फुलांवर शिंजीर पक्षी येतात आणि फळं फुलटोच्या खातो. बी इतकी चिकट असते की बाहेर पडताना त्या इवल्या पक्ष्याला बूड फांदीला घासावं लागतं, आणि नवं बांडगूळ तिथेच रुजतं. तरी वाक्प्रचार बदला असं मी म्हणणार नाही, तो मुरलेला आहे.

पाडेल्याला मात्र एवढं सांगा: गाठ दिसेल तिथे गाठीच्या बरंच खाली, झाडाच्या बाजूनं फांदी छाटायची, तीही बांडगुळाची फळं पिकायच्या आधी. नुसती पानं ओरबाडली तर ते पुन्हा फुटतं. आणि जिथे मुळं हवेत लोंबतायत तिथे कोयता लावायचा नाही. मुंडकाराला हुसकावता येऊ नये म्हणून गोव्यात 1975 पासून कायदाच आहे.