डिस्टिलरीतला वायू आणि लेकीचं करिअर

प्रश्न : मी कागल तालुक्यातला. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत पाळीवर कामाला आहे. मुलगी बारावी सायन्सला आहे. कार्बन डायऑक्साइडपासून विमानाचं इंधन करायचं शिकणार म्हणते. पाहुणे म्हणतात, कॉम्प्युटरला घाला. हे खूळ आहे का? यात पोट भरेल का?

उत्तर : खूळ मुळीच नाही. ज्या वायूबद्दल ती बोलते, तो तुमच्या पाळीत रोज तुमच्यासमोर निघतो. मळी आंबताना जेवढं इथेनॉल तयार होतं, जवळपास तेवढ्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड फर्मेंटरमधून, म्हणजे आंबवायच्या टाकीतून, बाहेर पडतो, आणि तो बराच शुद्ध असतो. हवेत त्याचं प्रमाण जेमतेम ०.०४ टक्के, त्यामुळे हवेतून तो गोळा करणं फार महाग पडतं. शिवाय तुमच्याकडचा कार्बन उसानं हवेतूनच घेतलेला. इंधन जळून तो परत हवेत गेला, तरी नवी भर पडत नाही.

पण एक गोष्ट तिला आत्ताच कळू दे. हा वायू म्हणजे जळून गेलेल्या इंधनाची राख. राखेचं पुन्हा लाकूड करायचं, तर मिळालेल्या आचेपेक्षा जास्त ऊर्जा परत घालावी लागते. इथं ती हायड्रोजनमधून येते. या दोन्हींपासून आधी मिथेनॉल नावाचं साधं द्रव इंधन करतात, त्यापासून पुढं विमानाचं इंधन करता येतं. एक टन मिथेनॉलला सुमारे १.४ टन कार्बन डायऑक्साइड आणि १९० किलो हायड्रोजन लागतो. पाण्यातून एवढा हायड्रोजन काढायला दहा हजार युनिटच्या आसपास वीज जाते. ती कोळशाची असली, तर वीजकेंद्राच्या धुराड्यातून नऊ-दहा टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेल. वापरला दीड टनही नाही! स्वस्त सौर-पवन वीज आणि चांगला कॅटॅलिस्ट (रासायनिक क्रिया वेगानं घडवणारा पदार्थ), या दोन गोष्टींवर सगळं अडलंय. तिच्यासारख्या मुलींची गरज नेमकी इथंच आहे.

मागणी कुठून येणार? मोटारसायकल बॅटरीवर धावेल, लांब पल्ल्याच्या विमानाला मात्र बॅटरीचं वजन पेलत नाही. युरोपीय संघानं विमान-इंधनात शाश्वत, म्हणजे हवेत कार्बनची भर कमी घालणाऱ्या, इंधनाची सक्ती २०२५ मध्ये २ टक्क्यांपासून सुरू केली. २०५० साठी ७० टक्के ठरलेत आणि त्यातला निम्मा वाटा हायड्रोजन नि कार्बन डायऑक्साइडपासून केलेल्या इंधनाचा. आपल्याकडे एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीनं विंध्याचल वीजकेंद्रात धुरातल्या वायूपासून मिथेनॉल करायला घेतलंय.

नोकऱ्यांचं खरं सांगतो. नेमक्या याच कामाच्या जागा आज थोड्या आहेत. म्हणून नावात ‘कार्बन’ असलेल्या महागड्या कोर्सला पैसे घालू नका. सरळ केमिकल इंजिनिअरिंग घ्या. डिस्टिलरी, रिफायनरी, खत, औषध, सगळीकडे ते चालतं. सीईटीत चांगले गुण पडले तर मुंबईची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था), नाहीतर आपल्या शिवाजी विद्यापीठाचा तंत्रज्ञान विभाग. घराजवळ राहून शिकण्यात कमीपणा काही नाही. पुढं संशोधनाकडं वळलीच, तर पुण्याची एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयआयटी मुंबईतलं कार्बन पकडण्या-वापरण्याचं केंद्र आहेच.

या हंगामात साहेबांची परवानगी काढून तिला फर्मेंटेशन विभाग दाखवा. टाकीवर वाकू देऊ नका, तो वायू गुदमरवतो. दिवसाला इथेनॉल किती निघतं ते विचारून, वायू किती वाया जातो आणि त्याचं मिथेनॉल करायला वीज किती लागेल, हा हिशेब तिलाच वहीत मांडू दे. झाला की मला पाठवा.